झालेल्या पेपरचं सुतक

वत्सूला मी शेवटची भेटले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि समोर बसलेल्या मुलीकडून विज्ञानाचा धडा ऐकत होती. आजाराने ती इतकी वाळली होती की पाठीमागची उशी काढली असती तर कलंडली असती. उजवा हात मात्र पूर्वीसारखाच समोरच्या चौरंगावर होता. मूठ मिटलेली आणि मधल्या बोटाचं पेर लाकडाला टेकलेलं. मुलगी हिंदीतून धडाधड म्हणत होती, "प्रकाश की किरण जब किसी चिकने तल से टकराती है..." कुठेतरी ती चुकली आणि वत्सूने टक् केलं. मुलगी थांबली, डोळे मिटून मागे गेली, आपली चूक आपणच शोधून पुढे निघाली. मी दारातच उभी होते. वत्सूने माझ्याकडे न बघता डाव्या हाताने थांबायची खूण केली. आजारी बहिणीला भेटायला मी मोसंबी घेऊन गल्ल्या तुडवत आले होते, आणि तिने मला आठवीतल्या एका मुलीच्या छमाही परीक्षेसाठी दारात ताटकळत ठेवलं होतं. तेव्हा जे मनात आलं ते मी रागच समजले. पण तो राग नव्हता. जे होतं, त्याची माझी ओळख शाळेपासूनची आहे.

मुलगी गेल्यावर वत्सू म्हणाली, "सुधे, छमाही होईपर्यंत बसशील माझ्या जागेवर? मला आता दम पुरत नाही."

"मला कुठे शिकवता येतं?"

"शिकवायचं नाहीच आहे. नुसतं ऐकायचंय. आणि तुला येतं ते, मला माहितीये."

मी म्हणाले, "बघू."

"बघू काय? तू पहिल्यापासून अशीच. प्रश्न समोर आला की तास घालवतेस." आणि ती हसली. हसताना तिला खोकला आला, मी पाणी दिलं, मोसंबी सोलली. विषय तिथेच राहिला... नंतर काही दिवसांनीच, सकाळी दूध तापवत असताना, तिच्या शेजारणीचा फोन आला. वत्सू झोपेतच गेली होती. गॅस बंद करून मी उभी राहिले. पहिला विचार आला तो पुण्यातल्या माझ्या मुलीला, इराला, हे कसं सांगायचं याचा. दुसरा विचार असा, की तिला ते माझ्याआधी कळलं असेल. तसंच झालं होतं. मी फोन लावला तेव्हा ती विमानतळावर जायला निघालेली होती.

वत्सला माझी मामेबहीण. आमच्या वयात काही महिन्यांचंच अंतर. तिचे वडील, अण्णामामा, घनपाठी वैदिक. गंगेवरच्या ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं घर, आणि आमचं त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. दोघी एकाच शाळेत, एकाच वर्गात, एकाच बाकावर. घरी मराठी, शाळेत हिंदी. मला वाचायचं वेड होतं. धड्याच्या पुढचं, मागचं, पुस्तकाबाहेरचं, सगळं मी वाचून काढायची. वत्सू जेवढं पुस्तकात आहे तेवढंच वाचायची, तेही कंटाळत. आणि दर परीक्षेत तिचा नंबर माझ्या वर असायचा. माझी आई, म्हणजे तिची आत्या, निकालाच्या दिवशी आधी भाचीला पेढा द्यायची आणि मग मला विचारायची, "तुझं काय झालं गं?" पेढा मलाही मिळायचा. पण तो दुसरा असायचा.

ती हुशार होती म्हणून असं व्हायचं, असं म्हणता आलं असतं तर माझं आयुष्य सोपं गेलं असतं. हुशारीपुढे माणूस हात जोडून मोकळा होतो. पण वत्सूला धड्यातलं माझ्याइतकं कळत नसे. कळलेलं कागदावर कसं उतरवायचं ते मात्र तिला येत होतं. आणि ते ती शिकली कुठे, तर ज्या खोलीत मीही रोज जात होते त्याच खोलीत.

अण्णामामांकडे सकाळी मुलं वेद शिकायला येत. मामा मंत्राचा एक तुकडा एकदा म्हणायचे, मुलांनी तो दोनदा म्हणायचा. याला संथा म्हणतात. चुकलं तर मामा तोंडाने काही सांगत नसत, समोरच्या चौरंगावर बोटाचं पेर आपटत. टक्. मुलाने मागे जाऊन चूक शोधायची. आम्हा मुलींना तिथे बसायची परवानगी नव्हती. पण आतल्या खोलीत भाजी निवडताना सगळं ऐकू यायचं. मी ते वर्षानुवर्षं ऐकलं आणि मला त्यात फक्त मंत्र ऐकू आले, तेही न कळणारे. वत्सू एकदा मेथी निवडता निवडता म्हणाली, "मंत्र राहू देत त्यांच्यापाशी. ही पद्धत मात्र चांगली आहे. भूगोलाला लावून बघू या." मेथीची जुडी माझ्याही हातात होती. ते टक् टक् माझ्याही कानावर पडत होतं. मग हे मला का सुचलं नाही... या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही सापडलेलं नाही, आणि तो सोडून पुढच्या प्रश्नाकडे जाणंही मला जमलेलं नाही.

पहिल्या खेपेला तिची चांगलीच फजिती झाली. ते आठवलं की आजही मला बरं वाटतं. आम्ही पाचवीत होतो. भूगोल तिने संथेने पाठ केला, प्रत्येक वाक्य दोनदा म्हणून. परीक्षेत बसली आणि उत्तरपत्रिकेत प्रत्येक वाक्य दोनदा लिहून आली. 'गंगा हिमालय से निकलती है। गंगा हिमालय से निकलती है।' बाईंना वाटलं, मुलगी पानं भरते आहे. त्यांनी ती उत्तरपत्रिका वर्गासमोर वाचून दाखवली, दोनदा. वर्ग हसून लोळला. त्या वेळी माझा नंबर वर आला. घरी आल्यावर वत्सू रडली नाही. ती चौरंगाशी बसली आणि म्हणाली, "तोंडाला दोनदा लागतं, हाताला एकदाच. हाताला वेगळं शिकवायला हवं." मी मनात म्हटलं, रड ना गं एकदा तरी.

हाताला शिकवायची तिची रीत ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर सुरू झाली. उन्हाने दगड तापले की ती लोटीत पाणी घेऊन बसायची आणि ओल्या बोटाने दगडावर उत्तर लिहायची. पाणी वाळत जायचं. वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात नाहीशी झालेली असायची. त्यामुळे मागे बघणं नाही, खोडणं नाही, सजवणं नाही. "वाळायच्या आत वाक्य संपलं पाहिजे," ती म्हणायची. "जे वाक्य वाळायच्या आत संपत नाही, ते तुला नीट येत नाही." माझी वाक्यं कधीच संपत नसत. मी एकदोनदा लिहून पाहिलं आणि 'हात खराब होतात' म्हणून सोडून दिलं. नाववाल्यांची मुलं तिला विचारायची, "ए वत्सला, पत्थर पढ़ेगा क्या तुम्हारा निबंध?" ती म्हणायची, "पत्थर पास हो जाएगा, तुम अपना देखो."

संथेला समोर ऐकणारं कुणीतरी लागतं. ते काम माझ्याकडे आलं. दुपारी मुलं गेल्यावर अण्णामामांच्या चौरंगाशी मी पुस्तक उघडून बसायची, वत्सू समोर मांडी घालून डोळे मिटून म्हणायची. तोंडाने काही सांगायचं नाही, खुणावायचं नाही, फक्त चूक झाली की टक्. मी हे काम फार मन लावून केलं. इतकं मन लावून मी स्वतःचा अभ्यासही केला नसेल. अडखळली, टक्. शब्द इकडचा तिकडे झाला, टक्. कधी कधी ती बरोबर आहे हे कळायच्या आतच माझं बोट आपटलेलं असायचं. एकदा ती डोळे उघडून म्हणाली, "सुधे, तू ऐकतेयस की सुतारकाम करतेयस?" अण्णामामा बाहेर पेपर वाचत होते, तेही हसले. आम्ही दोघी हसलो. आणि ती पुन्हा डोळे मिटून पहिल्या वाक्यापासून म्हणायला लागली, कसलीही तक्रार न करता. माझ्या प्रत्येक ठोक्याने तिचं उत्तर पक्कं होत होतं, हे मला दिसत नव्हतं असं नाही. तरी ठोकल्याशिवाय मला राहवत नसे.

परीक्षेच्या खोलीतही तिचं वागणं वेगळं. प्रश्नपत्रिका मिळाली की आम्ही सगळ्या तुटून पडायचो. ती पेन बाकावर आडवं ठेवायची आणि शेवटच्या प्रश्नापासून वर वाचत यायची. कुठला प्रश्न सोडायचा ते आधी ठरवायची, म्हणजे नंतर त्याची टोचणी नको. आणि लिहायला घ्यायची तो सगळ्यात चांगला येणारा प्रश्न नाही, त्याच्या खालचा. "चांगला येतो त्यात माणूस रमतो," ती म्हणायची. "हात तापू दे, मग त्याच्याकडे जायचं." हे ती मला दर परीक्षेआधी सांगायची. लपवून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. तिने काहीच लपवलं नाही, आणि मी दर वेळी सगळ्यात आवडत्या प्रश्नात रमले. बोर्डाच्या इतिहासाच्या पेपरात मी पहिल्या उत्तराला इतकी पानं लिहिली की पुरवण्या बांधता बांधता शेवटचे दोन प्रश्न हातचे गेले. बाहेर आले तेव्हा वत्सू संकठा देवीच्या गल्लीच्या तोंडाशी पेरू खात उभी होती. मी म्हणाले, "माझे दोन राहिले." तिने अर्धा पेरू माझ्या हातावर ठेवला. "झालेल्या पेपरचं सुतक पाळायचं नाही. उद्या गणित आहे, चल." तिचं वाक्य वाळायच्या आत संपलं. मी त्या दोन प्रश्नांचं सुतक अजून पाळते आहे.

पुढे मी एम.ए. केलं, ग्रंथालयशास्त्र शिकले, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. मनासारखं काम, भोवती पुस्तकंच पुस्तकं. वत्सू एका लहानशा शाळेत शिकवायला लागली. लग्न तिने केलं नाही. अण्णामामांची वेदाची मुलं कमी कमी होत गेली, मामा गेले, आणि त्यांच्या खोलीत संध्याकाळी शाळेची मुलं येऊन बसू लागली. भिक्षुकांची, नाववाल्यांची, बँकेत बदलून आलेल्या मराठी साहेबांची, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीतल्या विणकरांची. ती त्यांना धडा समजावून देत नसे. "समझाना तुम्हारे मास्टर जी का काम है, हम तो सुनते हैं," म्हणायची. मुलं जोडीजोडीने समोरासमोर बसत. एक म्हणे, दुसरा ऐके. चौरंगाशी ती स्वतः. पेपर देऊन मुलं घरी न जाता थेट तिच्याकडे येत. कसा गेला, असं ती विचारत नसे. प्रश्नपत्रिका घडी करून चौरंगाखाली सरकवायची, पाणी प्यायचं, उद्याचा विषय काढायचा. गल्लीतून जाताना माझ्या कानावर तो गलका पडायचा. मी एवढं वाचलं, एवढी पुस्तकं लोकांच्या हातात दिली... माझ्या ग्रंथालयात कुणी धावत आलेलं मला आठवत नाही.

हेही चाललं असतं. पण इरा तिच्याकडे गेली. इरा माझी एकुलती एक. घरात सगळं येत असे, पेपर समोर आला की हात गार पडत. मी तिच्यासाठी टिपणं काढली, रंगीत पेन्सिलींनी खुणा केल्या, शेजारी बसून समजावलं. नववीत असताना एक दिवस ती शाळेतून वेळेवर आली नाही. शोधत गेले तर घाटाच्या पायरीवर बसून ओल्या बोटाने दगडावर लिहीत होती, आणि वरच्या पायरीवर वत्सू शेंगा सोलत होती. मी जवळ गेले तेव्हा दगड कोरडा होता. काय लिहिलं होतं ते मला वाचता आलं नाही. त्यानंतर इराचे हात गार पडले नाहीत. दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मी शिरा करून वाट बघत होते. ती आली ती वत्सूकडून, तोंडाला गुळ-शेंगदाण्याचा वास. कॉलेजच्या परीक्षा, नोकरीच्या परीक्षा, सगळ्यांचा पहिला फोन वत्सूमावशीला. दुसरा मला. पेढ्यासारखाच.

वत्सू गेल्यावर इरा पुण्याहून त्याच दिवशी येऊन पोहोचली. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी तिला रजा मिळाली नव्हती. ती रडली तशी मी तिला कधी रडताना पाहिली नव्हती, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवताना माझ्या मनात आलं, माझ्या वेळी ही अशी रडेल का? बहीण समोर निजली होती आणि मी हिशेब तिच्याशीच करत होते... मामेबहिणीचं सुतक शास्त्राने जेमतेमच ठेवलं आहे. माझं संपलंही. गल्लीतल्या मुलांना तर सुतक नव्हतंच, तरी ती दिवसभर जिन्यात बसून राहायची.

दिवसकार्य आटोपल्यावर एका संध्याकाळी दारात ती मुलगी उभी राहिली. शेवटच्या भेटीत धडा म्हणत होती ती. पलक तिचं नाव, वडील पंचगंगा घाटावर नाव चालवतात.

"मौसी, सोमवार से छमाही है। आप सुनेंगी?"

"आपस में सुन लो न. जोड़ी तो है न तुम्हारी?"

"जोड़ीदार हँस देता है। डर नहीं लगता उससे।"

"डर किसलिए?"

ती जरा चुळबुळली. "वत्सला मौसी कहती थीं, सुनने वाला वही अच्छा जिससे डर लगे। कहती थीं, बचपन में उनको आपसे बहुत डर लगता था। आप बहुत ठोकती थीं। कहती थीं, सुधा के सामने निकल गया तो समझो कहीं भी निकल जाएगा।"

मी तिला पाणी द्यायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले. वत्सूला माझी भीती वाटायची. हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं, तुम्हालाही वाचताना तसं वाटलं असेल. मला तसं वाटलं नाही. मला एवढंच दिसलं, की तिने तिची भीतीसुद्धा अभ्यासाला लावली होती. मलाही तिची भीती वाटायची, शाळेत, घरात, माझ्या मुलीच्या बाबतीत, अगदी त्या शेवटच्या दिवशी दारात उभी असतानाही. त्या भीतीचा मी कशालाच उपयोग केला नाही. नुसती सांभाळून ठेवली. इथेही तिचाच नंबर वर.

मी पाणी घेऊन बाहेर आले आणि पलकला म्हणाले, "चल."

इरा पुण्याला परतायच्या आधी ती खोली झाडून, किल्ली शेजारणीकडे ठेवून गेली होती. चौरंग जागेवरच होता. मी भिंतीला टेकून बसले, पलक समोर. इतिहासाचा धडा होता. ती म्हणायला लागली आणि पहिल्याच परिच्छेदात घसरली. मी ठोकलं. ती थांबली, पण मागे गेली नाही. चौरंगाकडे बघत राहिली.

"मौसी, आवाज़ दूसरी आ रही है। उधर, कोने में।"

मी बघितलं. चौरंगाच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानसा खळगा पडला होता. आधी अण्णामामांनी, मग वत्सूने झिजवलेला. माझे लहानपणचे ठोकेही त्यात असतील, पण ते ओळखू येत नव्हते. मी बोट तिथे नेलं. माझं पेर त्या खळग्यात बसत नव्हतं, मला सांधेदुखी आहे, बोटं सुजलेली असतात. तरी ठोकलं. ओळखीचा आवाज आला. पलकने डोळे मिटले, मागे गेली, चूक शोधली, पुढे निघाली.

काल तिचा इतिहासाचा पेपर होता. दुपारी मी त्या खोलीत एकटीच बसले होते. बसले होते म्हणजे, शाळा सुटायची वेळ होती म्हणून जाऊन बसले होते. जिन्यावर धावत येणारी पावलं ऐकू आली. "मौसी!" अशी हाक जिन्यातूनच आली, आणि पलक धापा टाकत दारात येऊन उभी राहिली, घरी न जाता, दप्तर पाठीवर तसंच. सवयीने हाक मारली होती तिने. ती दोघींपैकी कुठल्या मौसीला होती हे मी विचारलं नाही. त्या जागेवर मी बसले होते, तेव्हा ती मलाच मिळाली. पेपर कसा गेला हे विचारायला माझी जीभ शिवशिवत होती. तेही विचारलं नाही. चौरंग जरासा उचलला, तिने प्रश्नपत्रिका घडी करून खाली सरकवली. मी तिला लोटीतलं पाणी दिलं आणि म्हणाले, "कल क्या है? गणित? बैठ."